कोलंबो, हंबनटोटा आणि सोलापूरची घाई

सोलापुरात नियमित विमान उतरू लागल्यापासून शहराच्या बोलण्यात एक नवा सूर आला आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, पुढच्या जूनमध्ये गोव्याची सेवा सुरू झाली, आणि तेव्हापासून व्यापाऱ्यांच्या बैठका असोत, प्रचारसभा असोत की नव्या पेठेतल्या दुकानातल्या गप्पा असोत, आता बाहेरचा पैसा येणार आणि बाहेरचा माणूस येणार, हे सगळेच गृहीत धरून चालले आहेत. (पहिले विमान गोव्याचे, म्हणजे बाहेरचा माणूस इथे येण्याआधी इथलाच माणूस समुद्र पाहायला बाहेर पडला, ही गंमत तूर्त बाजूला ठेवू.) या विमानतळासाठी गावाने किंमतही मोजली आहे. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडली गेली तेव्हा एका बाजूला ऊस घालणारे सभासद आणि दुसऱ्या बाजूला विमानसेवेसाठी आसुसलेले शहरवासी असे दोन तट उघडपणे समोरासमोर उभे होते. चिमणी गेली, विमान आले. ते विमान कोणाला घेऊन यावे आणि आलेल्याने इथे येऊन नेमके काय करावे, याविषयी मात्र अजून कोणी नीट बोललेले नाही.

पर्यटन आणि परकीय भांडवल यांच्या जोरावर शहर उभे करायचे म्हटले की उदाहरणे किनाऱ्यावरची दिली जातात. दुबई आणि सिंगापूर ही नावे तर आपल्याकडच्या पुढाऱ्यांना पाठच असतात. श्रीलंकेचे नाव घेतलेच तर ते भीती घालण्यासाठी घेतले जाते. माझ्या मते सोलापूरने नीट अभ्यासावे असे उदाहरण श्रीलंकेचेच आहे. तिथे एकाच देशात, जवळपास एकाच दशकात, दोन बंदरांत चिनी पैसा गेला, दोन्ही बंदरांशी अखेरीस एकाच कंपनीचे नाव जोडले गेले, आणि तरीही निकाल एकमेकांच्या उलट लागले. बाहेरचे भांडवल गावात आधीपासून चालू असलेल्या कामाला येऊन जोडले गेले तर ते गावाला बळ देते. काम नसलेल्या जागी ते आपोआप काम उभे करील या भरवशावर आणले तर मागे देणे ठेवते. हे इतके साधे असूनही आपल्याकडची सगळी चर्चा किती कोटी आले आणि किती पाहुणे आले या दोनच आकड्यांभोवती फिरत राहते.

कोलंबोचे बळ त्याच्या जागेत आहे. सुएझकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजांचा हमरस्ता श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळून जातो, आणि भारतातल्या बहुतेक बंदरांत अलीकडेपर्यंत अजस्र कंटेनर जहाजांना पुरेल एवढी खोली नव्हती. त्यामुळे भारताचा माल मोठ्या जहाजातून कोलंबोला उतरवायचा आणि तिथून लहान जहाजांनी आपल्या बंदरांत पोचवायचा, ही रीत कित्येक दशके चालत आली. १९८०च्या दशकात जपानच्या मदतीने जया टर्मिनल, म्हणजे कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा धक्का, उभे राहिले. १९९९ मध्ये खासगी भागीदारीतले टर्मिनल आले. मग २०१३ मध्ये चायना मर्चंट्स या कंपनीचा ८५ टक्के आणि श्रीलंका बंदर प्राधिकरणाचा १५ टक्के वाटा असलेले, सर्वांत मोठी जहाजे घेऊ शकणारे खोल टर्मिनल सुरू झाले. बांधा, वापरा आणि ३५ वर्षांनी परत द्या, असा त्याचा करार आहे. आज कोलंबोत वर्षाला सत्तर लाखांहून अधिक कंटेनर हाताळले जातात. क्रेन चालवणारे, जहाज धक्क्याला लावणारे, कागदपत्रे सांभाळणारे कारकून, जहाजांना धान्य-पाणी पुरवणारे व्यापारी, हे सगळे त्या चिनी टर्मिनलच्या आधीपासून तिथे होते. नवे भांडवल त्यांच्यातच येऊन बसले आणि त्यांचे काम वाढले.

हंबनटोटाची हकीकत वेगळी आहे. देशाच्या दक्षिण टोकाचा हा जिल्हा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा. जहाजांचा हमरस्ता तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा बंदर बांधले की जहाजे वळतील, असा हिशेब मांडला गेला. पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेकडून ३० कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज ६.३ टक्के व्याजाने घेतले गेले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये बंदराचे उद्घाटन झाले. २०१२ साली तिथे आली जेमतेम ३४ जहाजे. जवळच मत्तला येथे मार्च २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळही सुरू झाला. विमाने येईनात, तेव्हा पुढे त्याच्या मालगोदामात भाताची पोती ठेवण्यापर्यंत पाळी आली. विमानतळाच्या आनंदात असलेल्या गावाने हे एवढे तरी ध्यानात ठेवायला हरकत नाही. अखेर २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्सकडे गेले आणि त्यापोटी ११२ कोटी डॉलर मिळाले.

इथे आपल्याकडची एक सोपी समजूत दुरुस्त केली पाहिजे. चीनने कर्ज दिले, फेडता आले नाही म्हणून बंदर ओढून घेतले, अशी गोष्ट आपण आवडीने सांगतो. प्रत्यक्षात भाडेपट्ट्याच्या पैशाने ते बंदराचे कर्ज मिटले नाही. तो पैसा परकीय गंगाजळीची तूट सांभाळायला वापरला गेला. श्रीलंकेच्या परकीय देण्यात सर्वांत मोठा भाग होता तो आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा. म्हणजे सावकार वाईट होता एवढे म्हणून सुटका होत नाही. प्रकल्प कुठे व्हावा हे माल कुठून कुठे जातो ते पाहून न ठरवता नेत्याचा मतदारसंघ कुठला ते पाहून ठरवले गेले, ही मूळ चूक श्रीलंकेची स्वतःची होती, आणि ती चूक ओळखायला महाराष्ट्रातल्या वाचकाला फार कष्ट पडू नयेत. गेल्या काही वर्षांत मोटारगाड्या एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढवण्या-उतरवण्याच्या कामामुळे हंबनटोटात जहाजे वाढली आहेत हेही खरे. पण तोवर बंदराचा कारभार हातातून गेला होता.

तिसरा प्रयोग खुद्द कोलंबोतच झाला. गॉल फेसच्या किनाऱ्याला लागून समुद्रात भर घालून २६९ हेक्टरचे नवे ‘पोर्ट सिटी’ उभारायचे काम सप्टेंबर २०१४ मध्ये चीनच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सुरू झाले. चिनी कंपनीने सुरुवातीला १४० कोटी डॉलर घालायचे आणि त्या बदल्यात ११६ हेक्टर जमीन ९९ वर्षे वापरायची, असे शेवटी ठरले. मधल्या काळात सरकार बदलले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. भरावासाठी समुद्राच्या तळातून वाळू उपसली जात होती तेव्हा नेगोंबोच्या बाजूचे मच्छीमार मासळी जाईल म्हणून रस्त्यावर उतरले होते. २०२१ मध्ये या भूभागासाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा आला. त्यात गुंतवणूकदारांना ४० वर्षांपर्यंत करसवलत देण्याची तरतूद होती, आणि विधेयकातली काही कलमे विशेष बहुमत किंवा जनमत कौल घेतल्याशिवाय मंजूर करता येणार नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. दुरुस्त्या करून कायदा झाला. जे भांडवल ४० वर्षे कर देणार नाही त्याच्या रस्त्यांचा, पोलिसांचा, सांडपाण्याचा भार कोण उचलणार, हा साधा प्रश्न विचारणाऱ्यांना त्या वेळी विकासविरोधी म्हटले गेले. हा शब्द आपल्याही कानांना ओळखीचा आहे.

पर्यटनाविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण आकडेच पुरेसे बोलके आहेत. २०१८ मध्ये श्रीलंकेत २३ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले आणि त्यांच्याकडून सुमारे ४४० कोटी डॉलर मिळाले. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. पुढच्या वर्षी करोना आला. २०२० मध्ये पाहुण्यांची संख्या पाच लाखांवर आली आणि २०२१ मध्ये दोन लाखांच्याही खाली गेली. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली, आणि जुलैत राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. कर्जे, करकपात, रासायनिक खतांवरची अविचारी बंदी अशी त्याची कारणे अनेक आहेत. पण डॉलर मिळवण्याचा इतका मोठा मार्ग पाहुण्यांच्या मर्जीवर अवलंबून होता, हे त्यातले एक ठळक कारण होय. २०२४ मध्ये पर्यटक पुन्हा वीस लाखांवर गेले. उभारी धरायची ताकद पर्यटनात असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मधल्या वर्षांत हॉटेलातल्या वाढप्याने आणि रिक्षावाल्याने काय खाल्ले, याचे उत्तर त्या आकड्यांत मिळत नाही. इतक्या दूर जायचे नसेल तर कोकणात पाहावे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीला विमानतळही झाला, आणि तरी तिथल्या मुलाची नोकरीची वाट अजून मुंबई-गोव्याकडेच जाते.

सोलापूरला समुद्र नाही, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण बाहेरचे भांडवल गावात येणे हा सोलापूरसाठी काही नवा अनुभव नाही. आजचे सोलापूर मुळात त्यातूनच घडले आहे. १८६०च्या सुमारास रेल्वे आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. भांडवल मुंबईच्या व्यापाऱ्यांचे होते. ते इथे का आले? आसपास कापूस होता, तेलंगणातून येऊन स्थिरावलेले पद्मशाली विणकर होते, हातमागाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत होते आणि दुष्काळामुळे मजुरी स्वस्त होती. (शेवटचे कारण सांगताना आपण सहसा चाचरतो.) म्हणजे सोलापूर त्या वेळी कोलंबोसारखे होते. काम आधी, भांडवल मागाहून.

आणि ते भांडवल गेले तेव्हा काय झाले, हेही सोलापूरने देशाच्या आधी पाहिले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये जुन्या मिलच्या व्यवस्थापनाने दरवाजे बंद केले, हजारो कामगार बाहेर राहिले, आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार आपल्या हाती घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० साली न्यायालयाने पहिली याचिका फेटाळली. डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात मात्र भरपाई न देता असा ताबा घेणे घटनाबाह्य ठरवले. पुढे १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली आणि लोकहितासाठी मालमत्तेचे व्यवस्थापन मर्यादित काळ हाती घेण्याचा मार्ग मोकळा झाला. भांडवल कोणाला उत्तर देण्यास बांधील आहे, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या घटनेपुढे ज्या मोजक्या गावांनी नेला त्यांत सोलापूर आहे. विधी महाविद्यालयांत हे खटले शिकवले जातात. सोलापूरच्या विकासाच्या बैठकांत त्यांचा उल्लेख माझ्या तरी ऐकण्यात आलेला नाही.

मिला गेल्या. जुनी मिल आधी, मग एकेक करून बाकीच्या, आणि नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिलही. मागे उरले ते हात. पूर्व भागातल्या घराघरांत यंत्रमाग खडखडू लागले, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर चादर निघू लागली, टॉवेल परदेशी गेले, आणि चादर व टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. गणवेश शिवण्याचा धंदा वाढला. घरातला पुरुष मागावर आणि बाई विडीच्या सुपापाशी, असे कित्येक संसार यावर चालले. मिलमालकांनी ही दुसरी फळी उभी केली नव्हती. मिलमध्ये हातात भिनलेले कसब मिलच्या बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभे राहिले. म्हणून बाहेरच्या गुंतवणुकीची माझ्या लेखी खरी कसोटी अशी: उद्या ती कंपनी निघून गेली तर गावाच्या हातात काय उरते? गोदामात माल उचलणे आणि पाहुण्यांच्या खोल्या झाडणे एवढेच शिकून एक पिढी संपली, तर तिच्या हातात उरलेले फारसे काही नसेल.

आता सोलापूरकडे काय आहे ते पाहू. कोलंबोला जहाजांचा हमरस्ता आहे तसा सोलापूरला भाविकांचा आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर या चार ठिकाणांची फेरी करणारी माणसे वर्षभर या जिल्ह्यातून जातात, आषाढी-कार्तिकीला तर लाखोंनी. त्यांना बोलवायला जाहिरात लागत नाही, आणि बाँबस्फोटाच्या किंवा मंदीच्या बातमीने ती यायची थांबत नाहीत. पण सोलापुरात ही माणसे एसटी बदलण्यापुरती थांबतात. सिद्धेश्वराचे तळ्यातले देऊळ, भुईकोट किल्ला, मकरसंक्रांतीला निघणारे नंदीध्वज आणि गड्ड्याची जत्रा, डॉ. कोटणीसांचे स्मारक, नान्नजचे माळढोक अभयारण्य, यांतले काय पाहायचे आणि कसे जायचे, हे त्यांना कोणी धड सांगत नाही. इथे विणलेली चादर त्यांना दुसऱ्याच गावच्या बाजारात, कधी दुसऱ्याच गावची असूनही सोलापूरच्या नावाने विकली जाते. मानांकनाचे प्रमाणपत्र असून त्याची अंमलबजावणी नसली की असे होते. पर्यटनावर पहिला पैसा खर्च करायचा तर तो इथे करावा: स्वच्छ निवास, स्वच्छतागृहे, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या, आणि माग चालताना बघून तिथेच चादर विकत घेता येईल अशी चार ठिकाणे. यासाठी परकीय भांडवल लागत नाही. लागते ती महापालिकेने आणि एसटीने एकमेकांशी बोलण्याची तयारी.

पंढरपूरच्या मंदिराभोवतीचा परिसर मोकळा करण्याच्या ‘कॉरिडॉर’ योजनेला तिथल्या रहिवाशांचा आणि व्यापाऱ्यांचा जो विरोध झाला, त्याकडेही याच नजरेने पाहावे. मंदिराभोवती शतकानुशतके फड, मठ, वाडे आणि प्रासादिक वस्तूंची दुकाने आहेत. भाविकाची सोय करणारी व्यवस्था म्हणजे तीच. तिला हटवून भाविकाची सोय करणार, असे म्हटले की माणूस बिचकतो. गर्दीचा प्रश्न खरा आहे, चेंगराचेंगरीची भीती खरी आहे. पण आराखडा काढताना आधीपासून चालू असलेल्या कामाला अडगळ समजून मांडणी केली की विरोध होणारच.

परकीय भांडवलाला माझा विरोध नाही. कापडावरची प्रक्रिया, रंगाई, सांडपाण्याचे शुद्धीकरण, तयार कपड्यांचे आधुनिक कारखाने, डाळिंबाची शीतगृहे आणि प्रक्रिया, यांत मोठा पैसा लागतो आणि तो स्थानिक छोट्या कारखानदाराकडे नाही. तो जपानचा असो की अमेरिकेचा, चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आला तर त्याचे स्वागतच करावे. आयटी पार्कलाही नाही म्हणण्याचे कारण नाही. सोलापूरची शिकलेली मुले पुण्याच्या हिंजवडीत खोल्या करून राहतात, त्यांच्यातली काही परत आली तर कोणाला नको आहे? पण जागेची घोषणा करण्याआधी इथे येणाऱ्या कंपन्या कोणत्या, त्या कोणते काम आणणार, हे सांगता आले पाहिजे. तसे सांगता येत नसेल तर आपण हंबनटोटाच्या वाटेवर आहोत, कोलंबोच्या नाही.

अटी घातल्या की गुंतवणूकदार पळतो, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. वीजदर आणि जागा यांवरून उद्योग शेजारच्या राज्यांत गेल्याच्या तक्रारी आपण ऐकत आलो आहोत. पण कोलंबोच्याच बंदरात याचे एक उत्तर आहे. तिथले पूर्वेकडचे टर्मिनल भारत आणि जपान यांच्याबरोबर चालवण्याचा करार बंदर कामगारांच्या संघटनांनी कडवा विरोध केल्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये श्रीलंकेने सोडून दिला. गुंतवणूकदार नाराज झाले, टीका झाली; तरीही भारतीय भांडवल पळून गेले नाही. ते पश्चिमेकडच्या टर्मिनलला आले. अदानींचा ५१ टक्के, जॉन कील्स या स्थानिक कंपनीचा ३४ टक्के आणि बंदर प्राधिकरणाचा १५ टक्के वाटा अशा कराराने उभे राहिलेले ते टर्मिनल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाले. या करारात सरकारी वाटा फार थोडा आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण जिथे काम आहे तिथे भांडवल अटी मान्य करूनही येते, एवढे यातून दिसते. अटींना घाबरून जे पळते, त्याला गावातल्या कामाचे काही पडलेले नसते. त्याला फुकट जमीन आणि करसवलत हवी असते.

सोलापूरच्या बाबतीत अटींची सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. उजनी धरण काठोकाठ भरलेले असतानाही या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येण्याची वर्षानुवर्षांची सवय आहे. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या कामावर कित्येक निवडणुका लढवल्या गेल्या. अशा शहरात मोठी हॉटेले, रंगाईचे कारखाने आणि संगणकाच्या कंपन्या आल्या तर त्यांना रोज पाणी लागेल आणि ते दिलेही जाईल, कारण गुंतवणूक करारात पाण्याची हमी असते आणि विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतल्या रहिवाशाशी महापालिकेचा असा कोणताही करार नसतो. तेव्हा जमीन, करसवलत आणि पाणी यांविषयीचे प्रत्येक कराराचे कलम सहीच्या आधी मराठीत छापून महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे यावे, आणि शक्यतो तेलुगू, कन्नड व उर्दूतही यावे, कारण या शहरात काम करणाऱ्यांच्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा त्या आहेत. करारात ज्या कारखान्याला किंवा हॉटेलाला रोज पाणी देण्याचे कबूल केले असेल, त्याच्या शेजारच्या प्रभागाला किती दिवसांनी पाणी मिळणार, तो आकडाही त्याच पानावर असावा.